मोडून दाखवलेला पूल

मी वस्तू मोडते. हाच माझा धंदा आहे, आणि तो मी संभाजीनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडीच्या नावाखाली रीतसर करते. सिमेंटच्या पट्ट्या ओतायच्या, पाण्यात मुरू द्यायच्या, मग यंत्रात घालून तुटेस्तोवर दाबायच्या. तडा कुठून गेला, हळूहळू गेला की एकदम दगा दिला, ते टिपून ठेवायचं. या कामासाठी मला विद्यावेतन मिळतं, यावर माझ्या मायचा अजून विश्वास बसलेला नाही.

बसणार तरी कसा? माझं सगळं लहानपण "हिच्या हातात काच देऊ नका रे" हे ऐकण्यात गेलं. मी कप फोडले, बशा फोडल्या, शेजारच्यांच्या घरून आणलेली लोणच्याची बरणी फोडली. मला बघायला पाहुणे आल्ते तेव्हा घरातले चांगले कप फडताळातच राहिले आणि मी चहा नेला तो स्टीलच्या पेल्यांतून. पाहुण्यांची बोटं भाजली. तरी लग्न जमलं, ही त्यांची हिंमत.

आता मी बदनापूरला राहते आणि रोज रेल्वेनं कॉलेजला जाऊन-येऊन करते. स्टेशनवर ओळखीचं कुणी ना कुणी भेटतंच. "मॅडम, अजून शिकूनच राह्यल्या का?" हा प्रश्न ठरलेला. आमच्याकडं शिकणं म्हणजे परीक्षा पास होऊन कुठंतरी चिकटणं. पोरगा फौजदार झाला, तलाठी झाला, तर त्याची गावातून मिरवणूक निघते. तिशी ओलांडून सिमेंट फोडत बसलेल्या बाईची कोण मिरवणूक काढणार? मी त्यांना म्हणते, "हो ना काका, तुमच्यासारखं सगळं एकदम कसं कळंल मला." मग ते हसतात आणि मीपण हसते, पण डोक्यात तिडीक जाते ती जातेच.

काम काय, ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खेड्यात घर बांधतात तेव्हा दारावर, खिडकीवर एक आडवी तुळई ओततात, लिंटल म्हणतात तिला. लोखंड कमी पडलं, मिस्त्रीनं हात आखडता घेतला, की ती तुळई धोक्याची होते. नुसतं सिमेंट फार कपटी. ओझं सोसत राहील, तोंडातून ब्र काढणार नाही आणि एक दिवस टक् करून दोन तुकडे. म्हणून मी त्यात कपाशीच्या पऱ्हाटीच्या सालीचे तंतू घालून बघते. कापूस वेचून झाला की आमच्याकडं पऱ्हाट्या उपटून बांधावर जाळतात. त्याच पऱ्हाटीची साल सोलून, दोऱ्यासारखी करून सिमेंटमध्ये मिसळली तर तुळई मोडायच्या आधी तडकते, वाकते, करकरते. माणसाला बाहेर पळायला वेळ मिळतो. मला न मोडणारी तुळई नकोच आहे. अशी तुळई जगात नसते. मला सांगून मोडणारी तुळई पाहिजे.

आमच्या गाईड सरांनी एक नियम केला. संशोधन करणाऱ्या प्रत्येकानं वर्षातून एकदा एखाद्या शाळेत जायचं आणि आपलं काम पोरांना सांगायचं. बाकीच्यांनी शहरातल्या चांगल्या शाळा धरल्या. पडदा, प्रोजेक्टर, शेवटी सगळ्यांचा फोटो, तासाभरात मोकळे. मी म्हटलं, मी आमच्या भोकरदन तालुक्यात जाणार. माझं माहेर केदारखेडा. तिथून हसनाबादकडं जाताना वाटेवर एक गाव आहे, त्याचं नाव मी सांगत नाही. तिथल्या शाळेला मी फोन केला. मुख्याध्यापक फार खूश झाले. म्हणाले, "या या मॅडम, आपल्याच लेकीबाळींपैकी तुम्ही. पोरांना यशाचा मंत्र द्या."

मी घरच्या गाडीच्या डिकीत सिमेंटच्या फूटभर लांबीच्या, बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या, एक बादली घेतली, जाड तार घेतली आणि निघाले. माझ्याकडं मंत्रबिंत्र काही नव्हता.

शाळेत गेले तर मैदानात मांडव घातलेला. सतरंजीवर पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी पोरं रांगेनं बसवलेली, टेबलावर शाल, नारळ, गुलाबाची फुलं. मुख्याध्यापक सर स्वतः पुढं आले. वयानं मोठे, टापटीप, आवाज गोड. शाळेत विज्ञानाची जागा रिकामी, म्हणून विज्ञानपण तेच शिकवत. मी म्हटलं, "सर, मला भाषण येत नाही. नववीचा एक वर्ग द्या आणि दोन बाकं. मला काही तरी करून दाखवायचंय."

"करू ना मॅडम. आधी सत्कार होऊन जाऊ द्या."

"शाल नको सर. त्यापेक्षा प्रयोगशाळेची किल्ली द्या. तिथंच घेऊ वर्ग."

सर हसले. माझी गंमत वाटली त्यांना. मग मी हसत नाही म्हटल्यावर त्यांनी गळा साफ केला. "प्रयोगशाळा आपण उघडत न्हाई मॅडम. लई वर्षांनी सामान आलंय. फुटलं-तुटलं तर वरून विचारणा होते, दुसरं मिळत न्हाई. पोरांना मी फळ्यावर आकृती काढून बराबर समजावतो."

खिडकीच्या गजातून मी आत डोकावून बघितलं. काचेची भांडी खोक्यात, खोक्यात गवत, गवतावर धूळ. किती जपून ठेवलं होतं सगळं. प्रयोगासाठी एकाही पोराचा हात लागलेला नव्हता. सरांची मला कीव आली, कारण फुटलेल्या भांड्याबद्दल त्यांनाच बोलणी खावी लागणार होती हे खरं. पण माझा राग काही त्यामुळं गेला नाही. किल्लीही मिळाली नाही. शेवटी नववीचा वर्ग मिळाला, तोही मी मांडवात शाल खांद्यावर घ्यायला साफ नकार दिल्यावर. मैदानातली बाकीची पोरं बिचारी आनंदानं उठली, त्यांना मांडवातल्या उकाड्यातून सुटका मिळाली.

वर्गात शिरल्या शिरल्या सर म्हणाले, "हाताची घडी." नववीची पोरं, मिसरूड फुटलेली, त्यांनी मुकाट्यानं घडी घातली. मी दोन बाकांमध्ये वीतभर फट ठेवली आणि साधी पट्टी त्यावर आडवी टाकली. मधोमध तार अडकवली, तारेला रिकामी बादली. आता बादलीत तांब्यातांब्यानं पाणी ओतायला एक जण पाहिजे होतं.

दाराशी, बाकाच्या अगदी कडेला एक मुलगी बसली होती. बाकीच्यांची हाताची घडी, आणि हिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता, ती एकटीच पट्टीकडं बघत होती. मी तिला म्हटलं, "ये गं, तू ये."

अख्खा वर्ग एका आवाजात बोलला. "तिला नका घेऊ मॅडम, ती फोडते."

सरांनी पण मान डोलावली. "खरंय मॅडम. दुसरं कुणी घ्या. हिचा हात फुटका आहे." आणि त्यांनी मला तिच्यासमोरच सगळी कथा सांगितली. मागच्या खेपेला तपासणी होती म्हणून प्रयोगशाळा उघडली, सामान पुसायला चार मुलींना घेतलं आणि हिच्या हातून काचेचं मोठं पात्र निसटलं. तेव्हापासून कुलूप. तेव्हापासून वर्गातली पोरं हिलाच बोल लावतात की तुझ्यामुळं आम्हाला प्रयोग बघायला मिळत नाहीत. विज्ञानाच्या तासाला हिनं कशालाही हात लावायचा नाही, असा हुकूम. म्हणून ती हातांवर बसते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "सर, मला फोडणारीच पाहिजे. मी स्वतः त्याच जातकुळीची आहे."

ती आली. तांब्या उचलला. एक तांब्या ओतला, दुसरा ओतला. चौथ्या तांब्याला पट्टी टक् करून मधोमध तुटली, बादली खाली आदळली, पुढच्या बाकावरच्या पोरांच्या पायावर पाणी उडालं. आणि त्या पोरीचा चेहरा पांढराफटक. "मॅडम, मी काही न्हाई केलं."

आजपर्यंत माझ्या कामाबद्दल खूप जण खूप काही बोलले आहेत. पण त्या एका वाक्यानं मला जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. तिच्यावर नाही. ज्यांनी तिला ते वाक्य तोंडपाठ करायला लावलं त्यांच्यावर.

"तूच केलंस," मी म्हटलं, "आणि बराबर केलंस. मोडायलाच आणलीय ती. न मोडता कळणार कसं?"

मग दुसरी पट्टी ठेवली, पऱ्हाटीचे तंतू घातलेली. पुन्हा तिनंच पाणी ओतलं. आता वर्गाची हाताची घडी सुटलेली होती, मागची पोरं बाकांवर उभी राहिली होती. पट्टीला खालून केसासारखा तडा गेला. पोरगी थांबली, खाली वाकली, तड्यावर बोट फिरवलं. आणखी पाणी. तडा रुंदावला, पट्टी मधून झुकली, तुटायला आली, पण सालीच्या दोऱ्यांनी धरून ठेवली. बादली लोंबकळतच राहिली.

"ही सांगून राह्यली मॅडम," ती म्हणाली.

घ्या. मी इतकी वर्षं ज्यावर पानंच्या पानं लिहिली ते तिनं तीन शब्दांत संपवलं. मी पोरांना सगळं सांगितलं. यात अडचण काय आहे तेही सांगितलं, की काही महिन्यांनी सिमेंट त्या सालीला खाऊन टाकतं आणि पट्टी पुन्हा मुकी होते. त्यावर इलाज शोधून राह्यलेय, अजून सापडलेला नाही. एका पोरानं विचारलं, "म्हणजे तुम्ही फेल झाल्या का?" मी म्हटलं, "आतापर्यंत तरी हो." वर्ग खो-खो हसला. सरांना ते बिलकुल आवडलं नाही. यशाचा मंत्र मागवला होता आणि आली ती नापास बाई.

विषय बदलायचा म्हणून असेल, सर म्हणाले, "मॅडम, आता आमच्या शाळेचं मॉडेल बघा." ऑफिसातल्या काचेच्या कपाटातून दोन पोरांनी ते उचलून आणलं. ज्वारीच्या वाळक्या धांड्यांचा पूल होता. दोन-अडीच हात लांब, दोन्ही बाजूंना तिरके आडवे धांडे जोडून केलेले कठडे, सांधे सुतळीनं आवळलेले, वर चकचकीत लाल-पांढरा ऑइलपेंट आणि खाली हिरवा कागद. दोन दिवसांनी भोकरदनला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं, तिथं हा जाणार होता. भाषणात कायम पहिला येणारा एक मुलगा पुढं झाला आणि एका दमात म्हणून गेला, "सदर पूल पर्यावरणपूरक असून ग्रामीण भागातील टाकाऊ वस्तूंपासून टिकाऊ निर्मितीचा उत्तम नमुना आहे." सरांनी कौतुकानं माझ्याकडं बघितलं.

मी बघत होते त्या तिरक्या धांड्यांकडं. कुठं जोर येईल, कुठं ताण येईल, याचा विचार करून कुणीतरी ते लावले होते. शोभेसाठी कुणी असे लावत नाही. मी त्या मुलाला विचारलं, "हे तिरके कशाला लावले रे?"

तो गडबडला. एवढं त्याच्या पाठांतरात नव्हतं. पोरगा तसा वाईट नव्हता. त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "तिला विचारा. तिनं केलाय."

तिनंच. पाणी ओतणारीनं. शेतातल्या ओढ्यावर बापानं टाकलेल्या लाकडांवरून जाताना तिला सुचलं होतं, घरी बसून धांडे निवडले, सुतळी आवळली. पूल शाळेत आणला. सरांना आवडला. रंग दिला, कपाटात ठेवला आणि प्रदर्शनाला न्यायला भाषणवाला मुलगा निवडला. कारण काय, तर ती नेईल आणि पाडील.

"किती ओझं झेलतो गं हा?" मी तिला विचारलं.

"माहीत न्हाई. मला ठेवून बघायचं होतं. सर हात लावू देत न्हाईत."

मी सरांना बाहेर व्हरांड्यात घेतलं. म्हटलं, "सर, पूल तिचा आहे. परवा पुलाशेजारी ती उभी राहिली पाहिजे."

"मॅडम, शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे. ती बोलत न्हाई, आणि तिच्या हातून काही तरी होतंच. आणि हा पूल आपल्याला पुढची तीन-चार वर्षं चालवायचाय. आमची पवनचक्की बघा, किती वर्षं जाऊन राह्यली तालुक्याला. दरसाल नुसता रंग मारायचा."

बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल, पण आमच्याकडं खूप शाळांत असंच चालतं. मॉडेल एकदा करायचं, काचेत ठेवायचं, दरसाल रंग मारून पाठवायचं. पोरं बदलतात, मॉडेल तेच. ज्यानं केलं तो कधीच दहावी होऊन, शाळा सोडून ऊसतोडीला नाहीतर कंपनीत लागलेला असतो आणि त्याची पवनचक्की अजून बक्षिसं आणते. मी म्हटलं, "सर, आता मला सांगा, हा पूल आहे का देवघरातली मूर्ती?" सरांचा गोड आवाज गेला. ते म्हणाले, "तुम्ही पाहुण्या आहात मॅडम. पाहुण्यासारखं राहा."

एवढ्यात वर्गातून बाकं सरकवल्याचा आवाज आला. मी खिडकीतून बघितलं. त्या पोरीनं बाकं लांब केली होती, पूल त्यांच्यावर आडवा ठेवला होता आणि पुलाच्या मधोमध माझी तार अडकवत होती. आम्ही काय बोलत होतो ते सगळ्या वर्गानं ऐकलं होतं. भाषणवाला मुलगा तिच्यासमोर तांब्या घेऊन उभा होता.

मी तिला मोड म्हणून सांगितलं नव्हतं. पण मी अडवलंही नाही, आणि कुणी पुन्हा विचारलं तर पुन्हा अडवणार नाही. सर दाराकडं निघाले तेव्हा मी त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिले. हो, जाणूनबुजून उभी राहिले.

बादली भरत गेली. पूल हलला नाही. बादली काठोकाठ भरली. पूल तसाच. मग कुणीतरी आपलं दप्तर पुढं केलं, तिनं ते जपून पुलावर ठेवलं. दुसरं दप्तर. तिसऱ्याला धांडे करकर वाजायला लागले. तिनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि कान पुलाजवळ नेला. चौथं दप्तर तिनं स्वतःचं ठेवलं. पूल एका अंगाला कलला, क्षणभर तसाच राहिला, आणि डावीकडचा सांधा सुटून सगळं खाली आलं. पाणी, दप्तरं, रंगीत धांडे, सगळं.

ती गुडघ्यांवर बसली आणि तुकडे हातात घेऊन बघायला लागली. "धांडा न्हाई मोडला," ती म्हणाली. "सुतळी सरकली. धांडे अख्खे आहेत." पोरं तिच्याभोवती वाकली. जो तो बोट लावून बघत होता. मला इतका आनंद झाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली.

मग सर आत आले. चेहरा लालबुंद. "झालं समाधान? परवा काय नेणार आता तालुक्याला?"

"हाच," ती म्हणाली.

"मोडका?" सर भाषणवाल्या मुलाकडं वळले. तो मागं सरला. म्हणाला, "सर, मी मोडका घेऊन न्हाई उभा राहणार. मला यातलं काही सांगता पण येणार न्हाई." खरं बोलला बिचारा. सरांनी वर्गावर नजर फिरवली, कुणीच वर बघेना. शेवटी चिडून त्या पोरीला म्हणाले, "जा मंग तूच. खा शिव्या." रागात दिलेली परवानगी, पण परवानगी ती परवानगी.

मी बदनापूरला पोचायच्या आत तक्रार माझ्या गाईड सरांकडं पोचली होती. तुमची विद्यार्थिनी शाळेत येऊन तोडफोड करून गेली, मुलांना भडकावलं, सत्कार नाकारून शाळेचा अपमान केला. दुसऱ्या दिवशी गाईड सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस भला आहे, पण भांडणाला घाबरतो. "दोन ओळींचं माफीपत्र लिहून टाका. तुमच्या सहामाही अहवालावर मला सही करायचीय, उगाच विभागाचं नाव खराब व्हायला नको."

मी म्हटलं, "सर, सत्कार नाकारला त्याबद्दल वाटलं तर लिहिते, शाल चांगली होती. पण पूल मोडला त्याबद्दल नाही लिहिणार. आपण इथं सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसरं काय करतो?"

"ती शाळा आहे, प्रयोगशाळा नाही."

"तेच तर माझं भांडण आहे," मी म्हटलं.

त्यांनी कपाळावर हात मारला. सही अडवली नाही, पण त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी तुटकच वागले. वागू देत. मी उद्या सुट्टी पाहिजे म्हणून सांगितलं आणि का ते सांगितलं नाही.

भोकरदनला प्रदर्शनाच्या हॉलमध्ये नुसती जत्रा. धुराचा ज्वालामुखी, थर्माकोलची सूर्यमाला, बटण दाबलं की पेटणारी स्मार्ट गाव योजना. प्रत्येक टेबलावर पाटी, 'हात लावू नये'. प्रत्येक मॉडेलमागं इस्त्रीच्या कपड्यातली दोन पोरं, कॅसेट लावल्यासारखी बोलणारी. कोपऱ्यातल्या टेबलावर आमचा पूल. तिनं सुटलेला सांधा तसाच ठेवला होता, सुतळी जिथून सरकली तिथं लाल दोरा बांधला होता. टेबलाच्या पुढं बादली. मागं ती एकटी. कुणाचेतरी मोठे बूट घातलेले, हात टेबलावर.

सर भिंतीला टेकून लांब उभे होते. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. मी दोन टेबलं सोडून उभी राहिले, कारण तिला माझ्याकडं बघावंसं वाटू नये.

परीक्षक आले. जाडसर गृहस्थ, गळ्यात बिल्ला, हातात पॅड. ज्वालामुखीपाशी ते खूप वेळ थांबले होते. पुलाकडं त्यांनी चालता चालता बघितलं. "हा तर मोडलाय. नीट करून आणायचा ना बाळा." आणि पॅडवर काही तरी लिहून पुढं सरकले.

मला वाटलं, संपलं. दोन दिवस, एवढं भांडण, एवढं सगळं, आणि ते लांबूनच निघून गेले.

"सर," मागून आवाज आला. मोठा नव्हता, पण हॉलच्या त्या कोपऱ्यातलं बोलणं थांबलं. "आपोआप न्हाई मोडला. मी ओझं ठेवून मोडला. कुठं मोडला, का मोडला, मला माहीत आहे. तुम्ही हात लावून तर बघा. हातच लावला न्हाई तर मार्क कशाचे देऊन राह्यले?"

परीक्षक वळले. आजूबाजूची पोरं, मास्तर, सगळे बघायला लागले. भिंतीपाशी आमच्या मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांचा चेहरा कडक झाला. त्यांनी हॉलभर नजर फिरवली, कुणाला तरी शोधल्यासारखी. "हे असं बोलायला कुणी शिकवलं तुला? कोण आहेत तुझे मार्गदर्शक?"

मी हात वर केला. दोष माझ्यावर येऊ दे, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटली, की हो, मीच ती.

तिनं माझा हात बघितला. मग त्यांच्याकडं वळून म्हणाली, "कुणी न्हाई. पूल मी केला, मोडला पण मीच. बोलणं तेवढं दुसऱ्याचं कशाला राहील?"

मी हात खाली घेतला.